पंप पाणी ओढत नाही

शनिवारी सकाळी सात-सव्वासातला फोन वाजला की स्क्रीन न बघताही मला कळतं, नागावहून असणार. "ताई, मोटर चालू आहे, पण पाणी ओढत नाहीये. नुसती घरघर." अलिबागजवळच्या आमच्या वाडीवर जे दादा लक्ष ठेवतात ते तसे कशालाच अडत नाहीत. नारळाला फवारणी, छपराचं कौल, विंचू, रुसलेले पाहुणे, सगळं निस्तरतात. पोहण्याच्या तलावाचा पंप तेवढा माझ्या गळ्यात, कारण तलाव बांधायची हौस माझी होती.

तलाव लहानच आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.३ मीटर खोल, म्हणजे साधारण ४२ हजार लिटर. एक हॉर्सपॉवरचा पंप ते पाणी वाळूच्या फिल्टरमधून तासाला दहाएक हजार लिटर या वेगाने फिरवतो. पंप बंद पडला तर पाणी लगेच नासत नाही, पण मे महिन्यात दोन दिवसांत तळ दिसेनासा होतो आणि तिसऱ्या दिवशी हिरवी झाक येते.

"पाणी ओढत नाही" हे आपण विहिरीवरच्या मोटरबद्दलही म्हणतो. गंमत अशी की उत्तम चालणाऱ्या पंपाबद्दलही हे वाक्य अक्षरशः खरं आहे. कुठलाच पंप पाणी ओढत नाही. मला हे उमगायला दोन उन्हाळे आणि एक फुकट बदललेलं सील लागलं. उमगल्यावर मात्र फोनवरून बिघाड सांगता यायला लागला, म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

ढकलतं कोण?

दोर ओढता येतो, कारण त्याचे धागे एकमेकांना धरून असतात. पाईपमधल्या पाण्याला कुठे धरणार? पंप एवढंच करतो, की आपल्या पोटातलं पाणी पुढे फेकून मागे जागा मोकळी करतो. त्या मोकळ्या जागेत दाब कमी होतो. तिकडे तलावाच्या उघड्या पृष्ठभागावर वातावरणाची हवा बसलेलीच असते, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो वजनाने. ती पाण्याला पाईपमध्ये ढकलते. आपले प्लंबर "दीड किलो प्रेशर आहे" म्हणतात ना, तोच हा किलो. उसाचा रस स्ट्रॉने पितानाही हेच होतं. आपण तोंडातला दाब कमी करतो, रस वर चढवते ती ग्लासावरची हवा. स्ट्रॉला बारीक चीर असेल तर कितीही गाल आत घ्या, रस चढत नाही. ही चीर लक्षात ठेवा, पुढे तिचंच राज्य आहे.

हवा किती उंच ढकलू शकते याला मर्यादा आहे. खोल विहिरींवरचे पंप अमुक उंचीच्या वर पाणी चढवत नाहीत, हे इटलीतल्या कारागिरांना ठाऊक होतं आणि गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आहे. कारण त्यालाही नीट लागलं नव्हतं. त्याच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याकडे राहिलेल्या टोरिचेल्लीने ते १६४३ मध्ये उलगडलं. पाण्याऐवजी १३.६ पट जड असा पारा नळीत घेतला, आणि तो ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ ला १३.६ ने गुणा, १०.३३ मीटर येतात. समुद्रकाठी हवा पाण्याला यापेक्षा उंच ढकलूच शकत नाही, मग वर दहा हॉर्सपॉवरचा पंप ठेवा नाहीतर शंभरचा. पाच वर्षांनी, १६४८ मध्ये, पास्कालने आपल्या मेव्हण्याला पारा घेऊन फ्रान्समधल्या प्यूई-द-डोम डोंगरावर पाठवलं. वर पारा उतरला, कारण वर हवाच कमी. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, १०.३३ चे पावणेनऊ मीटरच उरतात. प्रत्यक्षात पाईपमधलं घर्षण आणि वळणं धरली तर सहा-सात मीटरच्या पुढे कुणी शहाणा माणूस जात नाही.

आमचा पंप पाण्याच्या पातळीपासून फक्त ६० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे उंचीचा प्रश्नच नाही. मग अडतं कुठे? तर हवेत.

दगड भिरकावता येतो, कापूस नाही

पंपाच्या आत एक चकती असते, वाकड्या पात्यांची. तिला इम्पेलर म्हणतात. मोटर तिला मिनिटाला २,८०० ते २,९०० फेरे फिरवते. पावसात ओली छत्री गरकन फिरवली की थेंब बाहेर उडतात, तसंच पाणी चकतीच्या मध्यातून कडेला फेकलं जातं. मध्ये जागा रिकामी होते, दाब उतरतो, आणि तलावावरची हवा पुढचं पाणी ढकलते.

हे सगळं पाण्याच्या वजनावर चाललेलं आहे. दगड लांब भिरकावता येतो, कापसाचा बोळा तुमच्याच पायाशी पडतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. समजा एखादा पंप पाणी १२ मीटर उंच चढवतो. त्यात हवा भरली तर तो 'हवा' १२ मीटर चढवेल, आणि १२ मीटर हवेचं वजन म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर पाण्याचं वजन. करंगळीच्या एका पेराएवढंही नाही. तोच पंप, तीच मोटर, वीजबिलही चालूच, पण आतली हवा बाहेर गेली नाही तर ६० सेंटिमीटर खालचं पाणी त्याच्या दृष्टीने पाताळात आहे. घरघर ऐकू येते ती हीच.

म्हणून पंपातली हवा काढून तिथे आधी पाणी भरावं लागतं. याला प्रायमिंग म्हणतात. ज्यांचं लहानपण गावी गेलं त्यांना हा प्रकार नवा नाही. विहिरीवरच्या मोटरला पाण्यात सोडलेल्या पाईपच्या टोकाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह. आमच्याकडे तिला सरसकट 'फुटबॉल' म्हणतात आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. ती पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. ती गळायला लागली की रात्रीतून पाईप रिकामा. मग माझे काका बादलीत शेणकाला कालवून वरून ओतायचे. शेणातला काडीकचरा झडपेच्या फटीत बसायचा आणि त्या दिवसापुरतं काम भागायचं. तलावाच्या पंपावर हा प्रयोग करू नये, हे सांगायची गरज नसावी.

तलावाच्या पंपाला सहसा फुटबॉल नसतो. त्याऐवजी तोंडाशी एक भांडं असतं, वर पारदर्शक झाकण, आत कचरा अडवणारी जाळी. या भांड्याची रचना अशी की पंप बंद झाला तरी त्यात थोडं पाणी उरतं. पुन्हा सुरू केल्यावर चकती त्या पाण्यात हवा घुसळते, रवीने ताक घुसळावं तसा फेस होतो. पुढच्या कप्प्यात फेसातली हवा सुटून वर जाते, फिल्टरकडे निघून जाते, आणि पाणी मागे चकतीकडे परत येतं, आणखी हवा घ्यायला. असं करत करत पाईपमधली हवा संपते. यालाच 'सेल्फ-प्रायमिंग' म्हणतात. नाव फसवं आहे. स्वतः भरून घेतो खरा, पण भांड्यात आधी पाणी असेल तरच. भांडंच कोरडं असेल तर घुसळायला ताक नाही, नुसती रवी.

आमच्या तलावापासून पंपापर्यंतचा पाईप १२ मीटर, आतून ५० मिलिमीटर. म्हणजे त्यात जवळपास २४ लिटर हवा मावते. दोन घागरी हवा फेस करून करून बाहेर काढायची म्हटल्यावर दोन-तीन मिनिटं लागणारच. नवखा माणूस तीस सेकंदांत घाबरून बटण बंद करतो. दुसऱ्या टोकाचा माणूस अर्धा तास चालू ठेवून चहाला जातो. दुसऱ्याचं नुकसान जास्त, ते पुढे सांगते.

बादली, ग्रीस आणि तीन मिनिटं

पहिलं काम एमसीबी, म्हणजे पंपाच्या विजेचा ब्रेकर, पाडणं. नुसता टायमर बंद करून भागत नाही, कारण झाकण उघडून हात आत असताना टायमर आपल्या मनाने जागा होऊ शकतो. मग तलावाची पातळी बघायची. काठावर कचरा ओढून घेणारा चौकोनी डबा असतो, स्किमर. पाणी त्याच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवं. पातळी खाली गेली असेल तर स्किमर पाण्याबरोबर हवा पितो आणि तुम्ही कितीही भरा, पंप पुन्हा हवा धरतो. सुट्टीत दहा पोरांनी दिवसभर उड्या मारल्या की पातळी चार बोटं सहज उतरते. निम्मे फोन इथेच मिटतात.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, जसा पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांत तळघरात असतो, तर झाकणाला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा. नाहीतर तलाव तुमच्या भेटीला तळघरात येतो. या पंपांना प्रायमिंगची कटकट मात्र जवळजवळ नसते, पाणी आपल्या वजनानेच चालत येतं.

झाकण उघडलं की जाळी धुवायची. झाकणाखालचं गोल रबर, ओ-रिंग, काढून पुसायची, खाचेतली वाळू बोटाने काढायची. वाळूचा एक कण तिथे राहिला तर हवेला तेवढी वाट पुरते. रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. खोबरेल तेल नको, पेट्रोलियम जेलीही नको, तिने काही जातीचं रबर फुगतं. मग बादलीने भांडं भरायचं. पहिली बादली भांड्यात थांबत नाही, पाईपमध्ये उतरते. ओतत राहायचं, पातळी पाईपच्या तोंडाशी स्थिर होईपर्यंत. झाकण हाताने घट्ट, पान्याने नाही.

आता व्हॉल्व्ह. तलावाच्या तळाला पाणी घेणारी जाळी असते, तिची लाईन उघडी, स्किमरची बंद. तळ नेहमी पाण्याखाली असतो, तिथून हवा यायचा प्रश्न नाही. फिल्टरच्या डोक्यावर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तो ढिला. मग पंप चालू, आणि नजर पारदर्शक झाकणावर. आधी पाणी खाली जातं, आतलं भांडं जवळजवळ रिकामं दिसतं, जीव वरखाली होतो. मग एक गुडगुड. मग पाण्याची एक जीभ जाळीवर आदळते, मागे जाते, पुन्हा येते, आणि एकदम भांडं भरून आवाज बदलतो. घरघरीची जागा जाड, स्थिर गुंजन घेतं. दादांना आता हा आवाज फोनवरून मला ऐकवायची सवय लागली आहे. फिल्टरच्या स्क्रूमधून फुसफुस थांबून पाण्याची धार आली की तो बंद करायचा आणि स्किमर हळूहळू उघडायचा.

चार मिनिटांत धरलं नाही तर बंद करा, पुन्हा भरा, पुन्हा प्रयत्न करा. तीनदा करूनही नाही धरलं तर ओतणं थांबवून शोधायला लागा.

एक धोका इथेच सांगते. फिल्टरमध्ये हवा कोंडली असताना त्याच्यावर वाकू नका. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवते. झाकण आवळणारा पट्टा ढिला असेल तर फिल्टरचं झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडू शकतं. पंप चालू असताना पट्ट्याला पाना लावू नये, आणि पाण्याची वाट बदलणारा फिल्टरवरचा सहा खुणांचा दांडा पंप चालू असताना कधीही फिरवू नये.

काटा काय सांगतो

फिल्टरवर एक प्रेशर गेज असतो. फिल्टर नुकताच धुतलेला असताना काटा कुठे असतो ते लिहून ठेवा. आमच्याकडे ०.८ किलोवर असतो, दादांनी भिंतीवर खडूने लिहिलंय आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा गिरवतात. हा आकडा माहीत नसेल तर गेज असून नसल्यासारखा.

काटा नेहमीपेक्षा वर गेला तर अडथळा पंपाच्या पुढे आहे. बहुतेक वेळा वाळू कचऱ्याने भरलेली असते. अर्धा-पाऊण किलो वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची. विषय संपला.

काटा खाली असेल तर गडबड पंपाच्या मागे, किंवा पंपातच. ही बाजू खरी डोकेदुखीची. अशा वेळी झाकणातून बघा. भांड्यात बुडबुडे खळखळतायत आणि तलावात परत येणारं पाणी सोड्याच्या बाटलीसारखं फेसाळतंय, तर कुठून तरी हवा आत शिरतेय. भांडं शांत, काठोकाठ भरलेलं, आवाज नेहमीचा, पण धार मेलेली, तर चकतीच्या पात्यांत काहीतरी अडकलंय. आणि आत कुणी मूठभर खडी टाकल्यासारखा खडखडाट येत असेल तर मागची वाट चोंदली आहे. स्किमरची टोपली भरलेली असेल, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला असेल. पंप जागा मोकळी करतोय, पाणी येत नाहीये, दाब इतका उतरतो की पाणी साध्या तापमानाला उकळून त्याच्या वाफेचे बुडबुडे होतात आणि चकतीवर आपटून फुटतात. खडखडाट त्यांचाच. असा पंप महिनाभर चालवला तर चकतीला देवीचे व्रण पडतात.

आमच्या भागात सुरूची झाडं फार. सुरूच्या सुया जाळीतून आरामात निसटतात आणि चकतीच्या पात्यांत आडव्या बसतात. एक बसली की पुढच्या तिला धरतात आणि दोन आठवड्यांत चिमणीचं घरटं तयार होतं. एमसीबी पाडून, जाळी काढून, आतल्या भोकात बोट घातलं की हाताला लागतं. वाकवलेल्या तारेने ओढून काढायचं. गुलमोहराच्या पाकळ्या याउलट निरुपद्रवी, त्यांचा जाळीत नुसता लगदा होतो.

चोरवाट

पंपाच्या पुढच्या बाजूला पाईप फुटला तर पाणी बाहेर उडतं, जमीन ओली होते, कुणालाही सापडतं. मागच्या बाजूला, तलाव ते पंप या पट्ट्यात, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे चीर असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ना थेंब, ना डाग, ना ओल. वातावरण तलावातल्या पाण्याला १२ मीटर पाईपातून ढकलण्यापेक्षा जवळच्या चिरेतून स्वतःच आत घुसणं पसंत करतं. स्ट्रॉची चीर ती हीच.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमचा पंप रोज हवा धरायला लागला. प्लंबर आला. त्याने सील बदललं, झाकणाची ओ-रिंग बदलली, सगळ्या सांध्यांवर सोल्युशन थापलं आणि शेवटी "पंपच गेलाय, नवीन घ्या" म्हणाला. मीही जवळजवळ तयार झाले होते. त्या रविवारी दादा आणि मी तांब्या घेऊन बसलो.

पंप चालू, भांड्यात बुडबुडे चाललेले. आधी स्किमरची लाईन बंद केली, बुडबुडे तसेच. ती उघडून तळाची बंद केली, तरी तसेच. म्हणजे दोन्ही लाईनींना समाईक असलेल्या भागात चोर आहे. मग पंपाकडून मागे जात एकेका सांध्यावर पाणी ओतायचं आणि दहा सेकंद झाकणाकडे बघायचं. तर्क साधा आहे. चिरेवर पाणी असलं की हवेऐवजी ते आत जाईल आणि क्षणभर बुडबुडे थांबतील. मोटरवर पाणी उडणार नाही एवढी मात्र काळजी घ्यायची. झाकणावर ओतलं, काही नाही. भांड्याखाली पाणी सोडून द्यायचा एक प्लग असतो, त्याच्यावर, नाही. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, तिथली छोटी रिंग फार वेळा दगा देते, पण नाही. पाईप जिथे आट्यांनी पंपात शिरतो तिथे ओतलं आणि दादा ओरडले, "थांबले!" तांब्या उचलला, बुडबुडे सुरू. ओतला, बंद. पाच वेळा करून पाहिलं, पोरांसारखं.

पाणी नको असेल तर दाढीचा फेस लावतात, चिरेपाशी त्याला खळी पडते. किंवा उदबत्ती धरतात, धूर आत वळतो. पण समुद्रावरच्या वाऱ्यात उदबत्ती कुठे टिकायला.

आता ते आटे खराब का झाले? एप्रिलमध्ये एकदा रात्री वीज गेली होती. पंप पाण्याच्या वर असल्यामुळे पाईपमधलं पाणी हळूहळू तलावात उतरलं. ते अडवायला आमच्याकडे एकतर्फी झडप आहे, पण सुरूचं एक बोंड तिच्यात अडकून ती उघडी राहिली होती, हे नंतर कळलं. पहाटे वीज आली, टायमरने इमानेइतबारे पंप सुरू केला, आणि तो तासन्‌तास हवाच घुसळत बसला. भांड्यातलं मूठभर पाणी तापत तापत कढत झालं. मघाचा चहाला जाणारा माणूस आठवा. आटे पीव्हीसीचे. ते गरम होऊन मऊ पडतात, आक्रसतात, आणि गार झाल्यावर पूर्वीच्या मापाला परत येत नाहीत. बाहेरून काहीच दिसत नाही. वरून कितीही सोल्युशन थापा, उपयोग शून्य. तो जोड कापून नवा बसवला, आट्यांवर टेफ्लॉन टेप व्यवस्थित गुंडाळली. खर्च किती आला ते लिहीत नाही, नव्या पंपाच्या किमतीपुढे ते सांगायला लाज वाटेल.

कोरडं चालल्याचा दुसरा बळी असतो सील. पंप आणि मोटर यांच्यामध्ये दोन गुळगुळीत चकत्या, एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, असतात, एक दुसरीवर घासत फिरते. त्यांना गार ठेवतं ते पाणीच. पाणी नसेल तर काही मिनिटांत त्या तापून तडकतात. मग पंप आणि मोटरच्या मधल्या फटीतून थेंब थेंब गळायला लागतं आणि खाली पांढरा क्षाराचा डाग दिसतो. हा डाग दिसला की पुढच्या शनिवारची वाट बघू नका. सील स्वस्त आहे, पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं की मोटर महाग आहे.

वीज, थोडक्यात

मोटर नुसती हुं करून थरथरते आणि फिरत नाही, तर एकतर चकती अडकलीय किंवा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, गेलाय. एमसीबी पाडून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर कंडेन्सर, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं, कारण वीज तोडल्यावरही कंडेन्सर धक्का देऊ शकतो. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल किंवा विजेच्या गळतीचा ब्रेकर उडत असेल तर तो दाबून धरून चालू करायचा मोह नको. ज्या पाण्यात माणसं उतरतात त्याच्याशी ही वीज जोडलेली आहे.

सोसायटीचे मोठे पंप थ्री-फेजवर चालतात. तिथे एक मजेशीर बिघाड होतो. खांबावर काम झालं आणि दोन फेजांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. उलटा फिरणारा पंप उलट दिशेने पाणी फेकत नाही, त्याच दिशेने फेकतो, पण रडतखडत. म्हणून पटकन कुणाच्या लक्षात येत नाही आणि लोक आठवडाभर वाळू धूत बसतात. मोटरच्या पंख्याकडे बघा, अंगावर बाण छापलेला असतो.

ज्यांच्या तलावाचं पाणी काठावरून वाहतं त्यांच्याकडे जमिनीखाली एक टाकी असते, आणि पंप तलावातून नाही, त्या टाकीतून पाणी घेतो. तलाव काठोकाठ दिसतो आणि तरी पंप हवा धरतो, तेव्हा टाकीचं झाकण उघडून बघा. ती बहुधा रिकामी असते.

तळाची जाळी

वातावरण ढकलतं म्हटल्यावर एक गोष्ट आपोआप येते आणि ती मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. तळाची जाळी २० बाय २० सेंटिमीटरची असेल तर तिचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. ती कुणाच्या पाठीने पूर्ण झाकली गेली आणि मागे दाब नुसता अर्ध्या किलोने उतरला, तरी माणसाला तिथे दाबून धरणारं बळ होतं २०० किलो. मूल सोडा, पैलवानही सुटत नाही. लांब केस जाळीत गुंतण्याचा धोका वेगळाच. अमेरिकेत अशाच अपघातांनंतर २००७ साली जाळ्यांबद्दल खास केंद्रीय कायदा झाला. उपाय साधा आहे. एकाऐवजी अंतर ठेवून दोन जाळ्या, दोन्ही एकाच पाईपला जोडलेल्या, आणि त्याही सपाट नाही, फुगीर. एक झाकली तर दुसरीतून पाणी येत राहतं. जाळी फुटलेली किंवा निसटलेली दिसली तर त्या क्षणी पंप बंद करायचा आणि सगळ्या माणसांनी तलावातून बाहेर यायचं. पंपाचं बटण कुठे आहे हे पोहणाऱ्यांपैकी निदान एकाला माहीत हवं.

परवाच्या शनिवारी पुन्हा फोन. सात वाजून वीस मिनिटं.

"ताई, काटा खाली आलाय. पाऊण होता, आता पाव."

"बुडबुडे?"

"एक नाही. भांडं गच्च भरलंय. आवाज पण नेहमीचाच."

मी काही बोलायच्या आत पलीकडे पान्याचा खणखणाट ऐकू आला. "सुयाच असणार. तार घेतलीय हातात."

"दादा, एमसीबी..."

"पाडलाय हो. मगाशीच."